फारोचे मन कोणी कठीण केले?

२०२५चा डिसेंबर हा एका पुस्तकाला पाचशे वर्षे पूर्ण होण्याचा महिना. १५२५च्या डिसेंबरात विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरचे 'बद्ध इच्छेविषयी' हे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याआधी सव्वा वर्ष, १५२४च्या सप्टेंबरात, रॉटरडॅमच्या इरॅस्मसने 'मुक्त इच्छेविषयी' ही छोटी पुस्तिका काढली होती. ल्यूथरचे पुस्तक हे तिला दिलेले उत्तर. माणसाला बरेवाईट निवडण्याचे स्वातंत्र्य आहे काय? सर्व काही देवाच्या सत्तेत असेल, तर पापाचा दोष माणसावर कसा ठेवायचा? आणि दोष माणसावर ठेवायचा, तर देवाची सत्ता पूर्ण कशी? ख्रिस्ती विचारात हा वाद हजार-अकराशे वर्षांपासून चालत आलेला होता. पण त्या दोन पुस्तकांत तो जितक्या उघडपणे आणि जितक्या त्वेषाने मांडला गेला, तितका क्वचितच मांडला गेला असेल.

मी ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षणही मला नाही. हिशेब लिहिण्याच्या नोकरीतून वेळ काढून मी जे वाचले ते इंग्रजी भाषांतरांतून. हिब्रूची अक्षरओळख पन्नाशीनंतर केली, ती बायबलच्या ओळीखाली अर्थ दिलेल्या प्रतीवरून. या वादाकडे मी वळलो ते विद्वत्तेच्या ओढीने नाही. माझा थोरला भाऊ वीसेक वर्षे दारूत बुडालेला होता. त्या काळात आमच्या घरात रोज रात्री हाच वाद होत असे, फक्त त्याला लॅटिन नाव नव्हते. वडील म्हणत, "त्याने मनात आणले तर आज सोडील." आई म्हणे, "त्याच्या हातात असते तर सोडली नसती का?" मी वडिलांच्या बाजूचा होतो. पुढे वडीलही थकले आणि आईचेच वाक्य म्हणू लागले. पण त्यांच्या तोंडून ते निराळे ऐकू यायचे. शब्द तेच असून अर्थ का पालटला, हे मला तेव्हा कळले नाही. इरॅस्मस आणि ल्यूथर वाचताना ते थोडे कळले. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

१

वादाचे मूळ पाचव्या शतकात आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या गावचा बिशप ऑगस्टीन याने इ.स. ४००च्या सुमारास आपले आत्मनिवेदन लिहिले. त्यातल्या दुसऱ्या भागात तो लहानपणी केलेल्या पेरांच्या चोरीची कथा सांगतो. भूक नव्हती, पेर चांगलेही नव्हते, तरी चोरले; चोरण्यात गोडी होती म्हणून चोरले. आठव्या भागात ३८६ सालच्या मिलानमधल्या बागेतला प्रसंग आहे. त्याला जुने आयुष्य सोडायचे आहे आणि सुटत नाही. हाताला हलायला सांगितले तर हात हलतो, पण मनाने मनाला सांगितले तर मन ऐकत नाही, याचे त्याला आश्चर्य वाटते. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेतून सवय आणि सवयीला अटकाव न केल्याने ती होऊन बसलेली अपरिहार्यता, अशी कड्यांची साखळी तो मोजून दाखवतो. ही साखळी दुसऱ्या कोणी घातलेली नव्हती, असेही तो सांगतो.

त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात तो देवाला विनवतो की, जे पाळायला सांगतोस ते पाळण्याची शक्तीही तूच दे. रोममध्ये एका बिशपने हे वचन म्हणून दाखवले, तेव्हा ब्रिटनमधून आलेला पेलाजियस नावाचा तपस्वी संतापला, असे ऑगस्टीननेच पुढे नोंदवले आहे. पेलाजियसचा राग समजण्याजोगा आहे. तो रोममधल्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांना शिस्त लावू पाहत होता. शक्ती देवानेच द्यायची असेल तर आळशी माणसाला यापेक्षा सोयीची प्रार्थना कोणती? ४१३ साली डेमेट्रियास या तरुण मुलीने व्रतस्थ राहण्याचा निश्चय केला, तेव्हा पेलाजियसने तिला एक दीर्घ पत्र लिहिले. माणसाच्या स्वभावात काय काय सामर्थ्य आहे हे आधी दाखवावे आणि मग उपदेश करावा, अशी त्याची पद्धत त्यात दिसते. आजचा कुठलाही शिक्षक ते पत्र वाचून मान डोलावील.

पेलाजियस हरला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची मते नाकारली. पुढे ५२९ साली ऑरेंजच्या सभेने मधली वाट आखली : चांगल्याची सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, पण देवाने कोणाला वाईटासाठी नेमून ठेवले आहे असे म्हणणे निषिद्ध. ही रेघ आखणे सोपे होते. तिच्यावरून चालणे अवघड होते, हे पुढच्या हजार वर्षांनी दाखवले.

२

इरॅस्मस आणि ल्यूथर यांच्या पुस्तकांत मतांइतकाच वृत्तींचा फरक आहे. इरॅस्मसने आपल्या पुस्तिकेला 'संभाषण' म्हटले. दोन्ही बाजूंची वचने समोरासमोर ठेवायची, तोलायची आणि शेवटी सावधपणे एका बाजूला थोडे झुकायचे, असा त्याचा रिवाज. ठाम विधानांची आपल्याला आवड नाही, असे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. काही गोष्टी खऱ्या असल्या तरी चारचौघांत बोलण्याच्या नसतात, असेही त्याचे मत. सगळे देवाच्या नेमानेच घडते हे बाजारात सांगितले तर कोण स्वतःला सुधारायला जाईल?

त्याची सर्वांत सुंदर उपमा बाप आणि मुलाची आहे. नुकते चालू लागलेले मूल पडते. बाप त्याला उठवतो, समोर धरून सफरचंद दाखवतो, हात धरून नेतो आणि शेवटी ते त्याच्या हातात ठेवतो. बापावाचून मूल उठले नसते, चालले नसते, त्याला फळही मिळाले नसते. तरीही मुलाने काहीच केले नाही असे म्हणवते का? तेवढे 'काहीतरी' इरॅस्मसला राखायचे आहे.

ल्यूथर या सौजन्याने चिडला. ठाम विधाने काढून घेतली तर ख्रिस्ती धर्मात उरले काय, असा त्याचा सवाल. पण पुस्तकाच्या अखेरीस तो प्रतिपक्षाला एक मोठी पावती देतो : पोपची गादी, पापमोचनाची पत्रे असल्या किरकोळ गोष्टींत वेळ न घालवता तुम्ही थेट माझ्या नरड्याला हात घातलात. पुढे १५३७ साली एका पत्रात त्याने म्हटले की, आपल्या साऱ्या पुस्तकांत हे पुस्तक आणि प्रश्नोत्तरी एवढेच राखण्यासारखे आहे.

ल्यूथरचे म्हणणे नेमके समजून घ्यायला हवे, कारण ते दैववाद म्हणून हातावेगळे केले जाते. सक्ती आणि अपरिहार्यता या गोष्टी तो वेगळ्या मानतो. चोराला मानगूट धरून कोणी चोरीला नेत नाही. तो आपल्या राजीखुशीने जातो. पण ही राजीखुशी तो स्वतःच्या बळावर बदलू शकत नाही. इच्छा हे ओझ्याचे जनावर आहे. त्यावर देव स्वार झाला तर ते देव नेईल तिकडे जाते, सैतान स्वार झाला तर सैतान नेईल तिकडे. स्वार निवडणे जनावराच्या हातात नाही. घरदार, गुरेढोरे, पैसाअडका यांबाबत माणसाला निवड आहे हे ल्यूथरला मान्य आहे. मोक्षाच्या बाबतीत ती नाही. म्हणूनच त्याच १५२५ साली शेतकऱ्यांच्या बंडाविरुद्ध लिहिताना तो बंडखोरांना पुरते जबाबदार धरतो, त्यांना ठेचून काढायला सांगतो, आणि यात त्याला विसंगती वाटत नाही. तर्काने ती नसेलही. वाचकाच्या अंगावर मात्र काटा येतो.

३

दोघांची खरी कसोटी लागते ती निर्गमच्या पुस्तकातील फारोच्या कथेत. इस्राएली लोकांना सोड, असे मोशे मिसरच्या राजाला सांगतो. राजा सोडत नाही. एकामागून एक दहा पीडा येतात. आणि देव आधीच सांगून ठेवतो की, मी फारोचे मन कठीण करीन. मन देवाने कठीण केले असेल तर शिक्षा फारोला का? पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हाच दाखला घेतला आणि देवाच्या सत्तेवरील सारी चर्चा त्याभोवती फिरत राहिली.

सिद्धान्त बाजूला ठेवून ही कथा कथा म्हणून वाचली, तर काही गोष्टी दिसतात. एक, पहिल्या पाच पीडांत मन कठीण करणारा म्हणून देवाचा उल्लेख नाही. कधी फारो स्वतः मन कठीण करतो, कधी त्याचे मन कठीण 'राहिले' एवढेच म्हटले आहे. देव कर्ता होतो तो सहाव्या, गळवांच्या पीडेत. सातव्या, गारांच्या पीडेनंतर पुन्हा फारोच कर्ता. आठव्या आणि नवव्या पीडेच्या शेवटी देव. दोन्ही कर्ते एकाच कथेत नांदतात आणि निवेदकाला त्याची अडचण वाटत नाही.

दोन, मूळ हिब्रूत यासाठी तीन धातू आहेत. एकाचा अर्थ जड होणे, दुसऱ्याचा घट्ट किंवा बळकट होणे, तिसऱ्याचा कठीण होणे. मराठीत मन जड होते ते दुःखाने आणि मन घट्ट करतो ते धीराने. म्हणून भाषांतरात तिन्हींसाठी 'कठीण' हाच शब्द सोयीचा पडतो. पण 'घट्ट' वाचले की अर्थाला वेगळीच दिशा मिळते. यहोशवाला धीर देताना देव हाच धातू वापरतो. मग देवाने फारोचे मन घट्ट केले, म्हणजे संकटाच्या माराने त्याने नुसता नाइलाजाने 'हो' म्हणू नये, इतका धीर त्याला दिला, असाही अर्थ निघतो. मला हे सुचले तेव्हा वाटले, आपण काही शोध लावला. नंतर कळले की ओबादिया स्फोर्नो या इटलीतील ज्यू वैद्य-भाष्यकाराने नेमके असेच म्हटले आहे : मन घट्ट करणे हे फारोची निवड शाबूत ठेवण्यासाठी होते. स्फोर्नो १५५० साली वारला, म्हणजे इरॅस्मस आणि ल्यूथर यांचा समकालीन. ज्या रॉइक्लिनच्या व्याकरणाने जर्मनीत हिब्रूचा अभ्यास रुजवला, तो रोममध्ये याच स्फोर्नोकडे हिब्रू शिकला होता. उत्तर इतके जवळ होते, पण वाद घालणाऱ्या दोघांपैकी कोणाच्या चर्चेत ते आले नाही.

तीन, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. बेडकांच्या पीडेत फारो मोशेला म्हणतो, बेडूक घालव. मोशे विचारतो, कधी घालवू? फारो म्हणतो, उद्या. घरात, अंथरुणात, पिठाच्या परातीत बेडूक आहेत आणि राजा आणखी एक रात्र मागून घेतो. ज्याच्या घरात दारुडा आहे त्याला हा 'उद्या' समजावून सांगावा लागत नाही. पुढे दोनदा फारो कबूलही करतो की मी पाप केले. संकट हटले की मन पुन्हा होते तसे. कथेला निवडीचा एक क्षण दाखवायचा नाही. निवडीतून निवड नाहीशी कशी होत जाते ते ती दाखवते. ऑगस्टीनची साखळी हीच.

४

या कथेचा खुलासा इरॅस्मस एका उपमेने करतो. तोच सूर्य मेण वितळवतो आणि चिखल कडक करतो. दोष सूर्याचा नाही. तोच पाऊस नांगरलेल्या जमिनीत पीक आणतो आणि पडीक जमिनीत काटे. देवाच्या सहनशीलतेने कोणी पश्चात्ताप करतो, कोणी अधिक निगरगट्ट होतो. ही उपमा त्याची नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेनकडून त्याने ती घेतली आणि तसे सांगितलेही.

मराठी वाचकाला यातला पाऊस ओळखीचा वाटेल. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो की, जग निर्माण करणारा ईश्वर कोणाला सुखात आणि कोणाला दुःखात ठेवतो, म्हणजे त्याच्यावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो. भाष्यात शंकराचार्य उत्तर देतात की, ईश्वर पावसासारखा समजावा. साळ आणि जव दोन्ही उगवायला पाऊस हे समान कारण. साळ साळ का आणि जव जव का, याचे कारण बियांत. जीवांचे बी म्हणजे त्यांचे कर्म. मग पहिले कर्म कुठून आले? संसार अनादी आहे, पहिले असे कर्मच नाही.

ओरिजेनलाही ही उपमा परवडत होती, कारण त्याच्यापाशीही बियांची सोय होती. जन्मापूर्वी आत्मे होते, त्यांनी तिथे बरेवाईट निवडले आणि त्यानुसार त्यांना इथली स्थिती मिळाली, असे तो मानत असे. सहाव्या शतकात त्याचे हे मत धर्मसत्तेने त्याज्य ठरवले. इरॅस्मसने हजार वर्षांनी ओरिजेनची उपमा उचलली, पण तिच्याखालचा पाया त्याला घेता येत नव्हता. ख्रिस्ती सिद्धान्तात जीव शून्यातून निर्माण होतो आणि त्याला एकच जन्म आहे. मग चिखल चिखल का झाला? तो कोणी केला? इरॅस्मसच्या पुस्तिकेत याचे उत्तर नाही आणि ल्यूथर ते बरोबर हेरतो.

पण ल्यूथरची उपमा तिथेच अडकते. देव सर्व काही चालवतो, दुष्टालाही चालवतो. लंगड्या घोड्यावर स्वार बसला तर चाल स्वाराने दिलेली, लंगडणे घोड्याचे. ठीक. घोडा लंगडा कोणी केला? ल्यूथर आदामाच्या पतनाकडे बोट दाखवतो. देवाने ते पतन का होऊ दिले आणि आपणा सर्वांना त्याने का डागळू दिले, असे विचारले की तो थांबतो. देवाच्या इच्छेला कारण विचारायचे नाही. आज जे अन्यायाचे दिसते ते परलोकीच्या प्रकाशात न्यायाचे दिसेल. दोन विरोधक एकमेकांवर तुटून पडले आहेत आणि दोघांच्या उपमांची चाके एकाच खड्ड्यात रुतली आहेत.

हा खड्डा एका मराठी माणसाने स्वच्छ पाहिला होता. काशीत राहणारे नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन पंडित. जॉन म्यूर याच्या ख्रिस्ती मतप्रतिपादनाला उत्तर म्हणून त्यांनी १८४४-४५च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पूर्वजन्म आणि कर्म मानले नाही तर जीवांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा दोष थेट देवावर जातो, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. हा आक्षेप घेणारा माणूस १८४८ साली ख्रिस्ती झाला आणि पुढे 'षड्दर्शन दर्पण' लिहून त्याने हिंदू दर्शनांची कठोर चिकित्सा केली. त्यांना जुन्या प्रश्नाचे उत्तर सापडले, की उत्तराशिवाय चालता येते असे वाटले, हे ज्याने त्याने त्यांचे ग्रंथ वाचून ठरवावे. मला त्यांच्या प्रवासातून एवढे दिसते की, या प्रश्नाच्या तर्कशुद्ध उत्तरावर माणसाची श्रद्धा उभी नसते.

आणि आपल्या उत्तरावर फार खूश होण्याचेही कारण नाही. अनादी म्हणण्याने प्रश्न सुटत नाही. तो मागे मागे ढकलला जातो आणि कुठे थांबून विचारायचा ती जागाच राहत नाही.

५

मग पाचशे वर्षांनी हे दोघे का वाचायचे? मी वाचतो ते ल्यूथरच्या पुस्तकाच्या शेवटाजवळ आलेल्या एका कबुलीसाठी. तो म्हणतो की, शक्य असले तरी मला मुक्त इच्छा नकोच. आपला उद्धार आपल्या हाती ठेवला गेला तर किती केले म्हणजे पुरे झाले हे मला कधीच कळणार नाही; मरेपर्यंत मी हवेत हात मारत राहीन. ज्याने तरुणपणी मठात उपास, जागरणे आणि पापांची कबुली देऊन स्वतःला जेरीस आणले होते, त्याचे हे बोलणे आहे. इथे ल्यूथर कोणाविरुद्ध वाद घालत नाही. तो स्वतःविषयी बोलतो आहे.

हे ध्यानात आल्यावर मी मागचे सगळे पुन्हा पाहिले. ऑगस्टीनची साखळी ही त्याची स्वतःची साखळी. पौल रोमकरांच्या पत्रातला तो भयंकर नववा अध्याय सुरू करतो ते आपल्या लोकांसाठी वाटणाऱ्या दुःखाने, आणि लिहिणारा स्वतः एके काळी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा कठीण मनाचा माणूस. अकराव्या अध्यायाच्या शेवटी तो खुलासा न देता स्तुतीवर थांबतो. 'माझ्या हातात नव्हते, मला उचलले गेले' हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. ते म्हणणारा आपली जबाबदारी झटकत नाही. उलट पेरांच्या चोरीसारखी क्षुल्लक गोष्टही तो तीसेक वर्षांनंतर स्वतःच्या नावावर लिहितो.

तेच वाक्य तृतीयपुरुषी झाले की बिघडते. 'त्याचे मन देवानेच कठीण केले आहे' हे म्हणणारा निकाल देत असतो. ऑगस्टीननेही उतारवयात ते केले. 'निवडलेले' आणि 'वगळलेले' यांचा हिशेब मांडला. कॅल्विनने तो हिशेब पूर्ण केला आणि हा निर्णय भयंकर आहे असे स्वतःच लिहिले. ल्यूथर तर फारोविषयी पानेच्या पाने लिहितो, जणू देवाच्या दरबारात तो हजर होता.

या तृतीयपुरुषाच्या हाती सत्ता आली की काय होते ते हॉलंडने पाहिले. लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस याला कॅल्विनच्या अनुयायांचे मत फार कठोर वाटत होते. तो १६०९ साली वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी आपले निवेदन पाच कलमांत मांडले. नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ या काळात डॉर्ड्रेख्ट येथे भरलेल्या धर्मसभेने ते फेटाळले. देव पापाचा कर्ता नाही हे त्या सभेनेही आग्रहाने नोंदवले, हे सांगायला हवे. पण सुमारे दोनशे धर्मोपदेशकांची पदे गेली. त्यांची पाठराखण करणारा एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्या खटल्यात राजकारण मोठे होते, पण धर्मवाद त्याच्या हाताशी होता. विधिज्ञ ग्रोशियसला जन्मठेप झाली. १६२१ साली तो पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला. माणसाला निवड नाही असे मानणाऱ्यांनी समोरच्याला चुकीच्या निवडीबद्दल शिक्षा केली.

त्या मानाने रोम शहाणपणाने वागले. स्पॅनिश जेझुइट मोलिनाच्या १५८८च्या ग्रंथावरून जेझुइट आणि डॉमिनिकन यांच्यात हाच वाद पेटला होता. माणूस कोणत्या परिस्थितीत काय निवडेल हे देवाला आधीच ठाऊक असते, म्हणून स्वातंत्र्य आणि देवाची सत्ता दोन्ही टिकतात, असे मोलिनाचे म्हणणे. वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. शेवटी १६०७ साली पोप पाचवा पॉल याने निकाल न देताच वाद थांबवला : आपापले मत बाळगा, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नका. याला पळवाट म्हणता येईल. मला ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते.

कर्माच्या सिद्धान्तालाही हीच कसोटी लावता येते. 'हे माझे भोग आहेत' असे म्हणून माणूस उभा राहिलेला मी पाहिला आहे. 'हे त्याचे भोग आहेत' असे म्हणून आपल्या समाजाने माणसांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले. सिद्धान्त एकच, बोलणारा बदलला.

तर्कशास्त्र जाणणारा म्हणेल, जे 'मी'बाबत खरे ते 'तो'बाबतही खरेच असणार. हा आक्षेप मी टाळत नाही. वाक्याची सत्यता पुरुषाने बदलत नाही, हे मान्य. पण ते वाक्य म्हणण्याचा आधार बदलतो. माझ्या असहायतेला मी आतून साक्षी असतो. दुसऱ्याच्या असहायतेचा मी फक्त अंदाज करतो, आणि तो अंदाज बहुधा माझ्या थकव्यातून आलेला असतो. इरॅस्मसला हे जाणवले होते. समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्यात काहीतरी चालण्याचे बळ आहे असे धरूनच बोलावे लागते. पडलेल्या मुलाला सफरचंद दाखवावेच लागते. म्हणून मला आता वाटते की दोघांपैकी एक निवडायचा नाही. स्वतःकडे पाहताना ल्यूथर आणि दुसऱ्याकडे पाहताना इरॅस्मस, अशी ही वाटणी आहे. त्या दोघांनी मात्र सारे आयुष्य उलटा हट्ट धरला, की एकच वाक्य सर्वांना लागू पडावे.

दादा शेवटी मद्यपी लोकांच्या एका सभेला जाऊ लागला. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली ही चळवळ. तिची मुळे एका ख्रिस्ती गटाच्या उपासनापद्धतीत आहेत. तिथली पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही, हे चारचौघांत उभे राहून स्वतः सांगणे. घरच्यांना बोलावले होते त्या दिवशी मी मागे बसलो होतो. दादा उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या हातात नाही." आईने जे वीस वर्षे कळवळून म्हटले आणि वडिलांनी पुढे हात टेकून म्हटले, तेच वाक्य. त्यानंतर त्याने कोणाचे किती पैसे बुडवले ते एकेक नाव घेऊन सांगितले. त्यात माझेही नाव होते. शेवटची सहा वर्षे तो प्यायला नाही.

त्याला कोणी उचलले, आणि त्यातली त्याची पावले किती, हे मला ठरवता आलेले नाही. तो गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या दिवशी तो खाली बसल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसायला हवे होते. मी मागेच बसून राहिलो. ते माझ्या हातात होते.